हिरव्या डोळ्यापुढचा जबाब

मी रेडिओपुढं हात जोडून उभी होती. डोक्यावर पदर. नजर त्याच्या हिरव्या डोळ्यावर. सांगत होती, "आज सकाळी मी शिळ्या भाताचा एक घास खाल्लो जी. मालकीणबाईले न इचारता. भूक लागली होती. अन् परसात झाडताना एक कोपरा सोडलो."

तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. एकाचा नाही, पाच-सहा जणांचा.

मला वाटलं रेडिओच हसला. खरं सांगते. मी आणखी खाली वाकली आणि म्हणाली, "चुकलो जी. उद्या झाडतो कोपरा." मग तर हसणं थांबेचना. बैठक आणि माजघर यांच्या मधे फुलाफुलांचा पडदा होता. तो सरकला आणि मालकीणबाईचे नागपूरचे पाहुणे बाहेर आले. एक जाडशी बाई पदरानं डोळे पुसत होती. हसून हसून पाणी आलं होतं तिला. ती म्हणाली, "अहो, हिला खरंच वाटतं की काय?"

मालकीणबाई म्हणाल्या, "रोज येते. देवापुढंही इतकी उभी राहत नसेल." मग माझ्याकडं पाहून, "जाय वं ढिवरीण, भांडे पडून राहिले."

मी गेली. राखेनं भांडी घासली. पितळेचं गंज-पातेलं घासता घासता बोट कापलं, ते चोखलं आणि परत घासत बसली. काय झालं ते मला तेव्हा समजलंच नव्हतं. लोक हसले, एवढं समजलं. कायले हसले, ते नाही. आज आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात. त्या हसणाऱ्यांची मला शरम नाही. त्यांची त्यांना असली तर असो. मला माझी शरम वाटते. त्या दिवसाच्या आधी मी त्या पेटीपुढं काय काय बोलून बसली होती, त्याची.

आम्ही ढिवर. तलावात मासे धरणारे, आणि मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी पाणी भरणारे. आमच्या हातचं पाणी त्यांना चालते, म्हणून आमच्या बायका त्यांच्या घरात जाऊ शकत. आत जायला मिळते म्हणून आम्ही स्वतःला भाग्यवान समजायचो. बाहेर उभ्या राहणाऱ्यांपेक्षा दोन बोटं वर. त्या दोन बोटांनीच आमचा गळा धरला होता, पण ते समजायला मला फार वर्षं लागली.

माझं माहेर कामठ्याकडं. बापासोबत बोडीत, म्हणजे शेताजवळच्या तळ्यात, उतरून लहानाची मोठी झाली. पाण्यावर बुडबुडा कसा येते ते पाहून खाली मरळ मासा आहे की वाघूर मासा, हे मी काठावरून सांगायची. अडाणी होती, पण बावळट नव्हती. लग्न होऊन गोंदियाला आली. नवरा भाताच्या मिलमध्ये पोती वाहायचा. मी मालकीणबाईकडं लागली. त्या लोकांची मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती. गावचं मोठं घर सोडून ते शहरात राहायला आले होते. मालगुजारी गेली होती, मालगुजार कुठं गेले होते? तेच बोलणं, तेच पाहणं.

एक दिवस त्यांच्या घरी रेडिओ आला. लाकडी पेटी, समोर सोनेरी कापड, खाली खुंट्या. आणि वर मधोमध तो डोळा. हिरवा. वाटोळा. मधे एक काळी फट. ती फट कधी उघडायची, कधी मिटायची. आमच्या मोहल्ल्यात वीज नव्हती. शहरातली वीज आम्ही रस्त्यावरून पाहिली होती, खांबावर लोंबकळताना. पण असा पाहणारा उजेड आम्ही कधी पाहिला नव्हता.

पहिल्या दिवशी मी बैठक झाडायला गेली, तर पेटीतून एक बाप्या बोलून राहिला. भारदस्त आवाज. शहाणा माणूस. मी झाडू खाली ठेवला आणि पदर डोक्यावर घेतला. आमच्यात मोठा माणूस समोर असला की पदर घेतात. त्याच्याकडं पाठ करून झाडणंही बरं दिसत नव्हतं. म्हणून मी तोंड त्याच्याकडं ठेवून उलटी उलटी सरकत झाडत गेली.

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. "काऊन वं? पदर कायले घेतला?"

"आत बाप्या बोलून राहिला जी."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. हसल्या नाहीत. तिथंच त्यांच्या डोक्यात ते आलं असेल. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "बोलते तसा ऐकतेही. अन् तो डोळा पाहिला का? तो मनातलं पाहते. कोणी खोटं बोललं की उघडते. मी घरी नसली तरी तो मले सारं सांगते."

मी मानलं. का मानू नये? मोठ्या घरची बाई सांगते. आणि पेटी खरंच बोलत होती, तार बाहेर बांबूवर गेली होती, डोळा खरंच हलत होता. जी पेटी दूरचं बोलू शकते तिला जवळचं ऐकू येत नसेल, असं कोणाला वाटेल?

दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला. दुपारचं काम आटोपलं की मालकीणबाई खुंटी फिरवायच्या. आवाज बंद व्हायचा, डोळा मात्र जागा. मग त्या म्हणायच्या, "जा, आजचं सांगून ये." आणि स्वतः आत निघून जायच्या. मी एकटी उभी. काय खाल्लं, काय सांडलं, कुठं बसली, कोणाशी बोलली, सारं सांगायची. कप फुटला तर ते आधी रेडिओला सांगायची. संध्याकाळी मालकीणबाई विचारायच्या, "कप कोणता फुटला वं?" माझ्या अंगावर काटा यायचा. मी तर त्यांना सांगितलंच नव्हतं.

आता सर्वांत लाजेची गोष्ट सांगते. मला ते आवडायला लागलं.

नवरा दिवसभर पोती वाहून यायचा, जेवायचा, लुडकायचा. सासू बहिरी. माझं कोणी काही ऐकत नव्हतं. आणि इथं एक मोठा माणूस, डोळा न मिटता, माझं सारं ऐकायचा. मधे बोलायचा नाही, रागवायचा नाही. एक दिवस मी त्याला माझ्या लेकराचं सांगितलं. नऊ दिवसांचं होऊन गेलं होतं माझं लेकरू. त्याच्या मुठी कशा होत्या ते सांगितलं. छातीतलं दूध मी दारामागं, भिंतीवर पिळून टाकायची, तेही सांगितलं. हे मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. रडली. नाक पुसलं. "येतो जी" म्हणून निघाली. त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं.

यशोदा मावशी त्याच घरी तांदूळ पाखडायला यायची. म्हातारी, काटक, तोंडाची फटकळ. मिलमधून तांदूळ आला की आम्ही दोघी परसात सूप घेऊन बसायचो. अख्खा तांदूळ वेगळा, तुटका वेगळा. तुटक्याला आम्ही कनकी म्हणतो. जुन्या मालकीणबाईच्या काळात पाखडणाऱ्या बाईला शेवटी ओंजळभर कनकी मिळायची. तो रिवाज होता, कोणी मागायचं नाही, कोणी नाही म्हणायचं नाही. नव्या मालकीणबाईंनी तो बंद केला. कनकी कोंबड्यांना जाऊ लागली. मावशीच्या घरी आईबापाविना एक नातू होता. ती ओंजळभर कनकी पदराच्या टोकाला बांधून न्यायची आणि त्याला पेज करून पाजायची. मला म्हणायची, "कोंबडीच्या आधी माजा नातू. चोरी होय का हे? तूच सांग पोरी."

मी म्हणायची, "नाही मावशी." आणि मला खरंच तसं वाटायचं.

हीच मावशी माझं लेकरू गेलं तेव्हा चार दिवस माझ्या घरी चूल पेटवून गेली होती. माझ्या तोंडात घास घालून गेली होती.

आषाढ होता. मी रेडिओपुढं उभी राहायची आणि मावशीचं सोडून बाकी सारं सांगायची. एक दिवस झाला. दुसरा झाला. तिसऱ्या दिवशी मी डोळ्याकडं पाहायचं टाळलं, कारण लपवून ठेवणं म्हणजे खोटं बोलणंच ना? चौथ्या दिवशी मी म्हणाली, "आज एवढंच जी." आणि डोळा उघडला. ती काळी फट हळूहळू रुंद झाली. माझ्याकडं पाहत राहिली.

मी म्हणाली, "यशोदाबाई कनकी नेते जी. पदरात बांधून."

डोळा मिटला. मला सुटल्यासारखं वाटलं. हे सांगताना जीभ थांबते. पण वाटलं ते वाटलं. सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी निघायच्या वेळी मालकीणबाई परसात आल्या. सोबत गडी, स्वयंपाकीण, मालकीणबाईची सून. "पदर सोड." मावशीनं गाठ सोडली नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "तू सोडतं का गड्याले सोडाले लावू?" मग त्या म्हातारीनं, जिनं साठ वर्षांत परक्या माणसापुढं डोकं उघडं टाकलं नव्हतं, तिनं सगळ्यांपुढं पदर खाली घेतला, गाठ सोडली. कनकी अंगणात पडली. कोंबड्या धावल्या. गडी दुसरीकडं पाहत होता. मालकीणबाईची सून तोंडाला हात लावून हसली. मी सूप धरून उभी होती. ते खालीही ठेवलं नाही.

मला वाटेत गाठून मावशीनं विचारलं, "कोनं सांगतलं असन वं पोरी?"

मी म्हणाली, "रेडिओनं."

ती थांबली. मग म्हणाली, "हौ. तं मंग त्या पेटीले काय शिव्या देऊ." आणि गेली. त्या घरी परत आली नाही. विड्या वळायला बसली. तिनं मोहल्ल्यातल्या सगळ्या बायकांना सांगितलं, त्या घरातली पेटी मनातलं ऐकते, जपून राहा. बायका त्या घरासमोरून जाताना बोलणं बंद करू लागल्या. एकीनं तर लेकराचा दृष्टीचा टिक्का मोठा केला. माझं पाप झाकायला अख्खा मोहल्ला भीत होता, आणि मी त्यांच्यासोबत भीत होती.

तुम्ही म्हणाल, तुला तरी कुठं ठाऊक होतं? नव्हतं ठाऊक. पण "मी सांगितलं" हे तर ठाऊक होतं. पेटी बोलली की नाही ते सोडा. तोंड माझं होतं.

मग हिवाळ्यात ते नागपूरचे पाहुणे आले, हसले, गेले. त्यानंतर आठ दिवसांनी रेडिओ बिघडला. मिस्त्री आला. बाजाराकडं त्याचं दुकान होतं, हिंदी बोलायचा. मालकीणबाई देवळात गेल्या होत्या. त्यानं पेटी टेबलावर उलटी केली, मागचा पुठ्ठा काढला आणि मला म्हणाला, "बाई, जरा कपड़ा लाना. धूल बहुत है."

मी फडकं घेऊन दारात उभी. आत येईना. त्यानं पाहिलं. "क्या हुआ?"

मी कुजबुजली, "त्याच्या समोर नका बोलू जी. तो ऐकते."

तो हसला नाही. मला म्हणाला, इकडं ये. मी गेली. आत काचेच्या शिशा होत्या, तारा होत्या, जाळं होतं, आणि एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी. जो माझ्या मनातलं पाहत होता त्याच्या पोटात पाल घर करून राहत होती, आणि त्याला पत्ता नव्हता. मिस्त्रीनं अंडी काढून बाहेर टाकली, काही तारा जोडल्या, पेटी सुरू केली. डोळा पेटला. त्यानं खुंटी हळूच फिरवली. फट उघडली. परत फिरवली. मिटली.

"स्टेशन पकड़ा तो बंद. छूटा तो खुला. बादल आया, तो भी हिलता है. बस." मग बोटानं पेटीवर टकटक केलं. "इसका मुँह है, बाई. कान नहीं है. गाली देकर देख."

मी शिवी दिली. आयुष्यातली सर्वांत घाणेरडी. डोळा तसाच राहिला.

मी फडकं घेऊन तिथंच खाली बसली. मिस्त्रीला वाटलं मला चक्कर आली. त्यानं पाणी विचारलं. मला पाणी नको होतं. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. त्या आषाढाच्या दुपारी कुठंतरी आभाळ आलं असेल, आणि मी यशोदा मावशीचं नाव घेतलं.

पेटीनं ऐकलं नव्हतं, तर कोणी ऐकलं? मी उठून पडदा बाजूला केला. मागं मालकीणबाईचा पाट होता. बाजूला पानाचा डबा. पाटाजवळची भिंत टेकून टेकून तेलकट झाली होती. रोज बसत होती ती बाई तिथं. सुपारी कातरत. कपाचं ऐकलं, मावशीचं ऐकलं. आणि माझ्या लेकराचं. त्याच्या मुठीचं. भिंतीवर पिळलेल्या दुधाचं.

मी घरी आली, दार लावलं आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली. चार-पाच वेळा. राग त्यांचा येत होता, पण हात स्वतःवरच चालला. आम्हाला तेवढंच शिकवलं होतं.

त्यानंतर मी पंधरा दिवस कामावर गेली. हेही लपवत नाही. लगेच पेटून उठली असं सांगायला बरं वाटलं असतं. पण मी गेली, रेडिओपुढं उभी राहिली, "आज काही नाही जी" म्हणत राहिली. पडद्यामागं सुपारी कातरल्याचा आवाज यायचा. इतके दिवस तो आवाज मला ऐकू कसा आला नाही? त्या बहिऱ्या पेटीला मी काय नावं ठेवू.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. मोठ्या घरच्या बायका जमल्या. मालकीणबाई माझ्याकडं आल्या, हळदीचं बोट तसंच होतं. "जाय वं, रेडिओले आजचं सांगून ये." डोळ्यांत हसू होतं. पडद्यामागं बांगड्या वाजल्या, मग गप्प झाल्या. कोणीतरी "श्शू" केलं.

मी उभी राहिली. हात जोडायला वर आले होते, ते मी खाली घेतले. डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला. पेटीकडं पाठ केली. आणि पडदा धरून पूर्ण सरकवला.

दहा-बारा बायका होत्या. हातात तिळाचे लाडू. मधे मालकीणबाई, पाटावर.

मी म्हणाली, "माजं लेकरू मेलं, ते मी हितं सांगतलो होतो. तुमी ऐकल्या होत्या ना जी?"

मालकीणबाईची नजर पानाच्या डब्यावर गेली.

"ऐकल्या होत्या. मंग एक शबद काऊन नाही बोलल्या?"

मालकीणबाईचं तोंड लाल झालं. "लय शहाणी झाली का वं? कोणापुढं उभी आहेस?"

"तेच पाहून राहिलो," मी म्हणाली. "आतापरेंत पेटीपुढं उभी होतो. आता तुमच्यापुढं हावो. उद्यापासून मी येत नाही."

एका बाईच्या हातातला लाडू खाली पडला, तो उचलायला मी सवयीनं वाकली. अर्ध्यात थांबली. नाही उचलला. तशीच मागच्या दारानं बाहेर आली. समोरच्या दारानं जायची हिंमत त्या दिवशीही झाली नाही.

सरळ मावशीकडं गेली. ती दारात विड्या वळत बसली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. पेटीला कान नाही. मालकीण पडद्यामागं होती. आणि तुझं नाव मीच सांगितलं.

मावशीचे हात चालतच होते. एक विडी वळली, दोरा बांधला, खाली ठेवली. दुसरी घेतली. मग म्हणाली, "सहा महिने मी नातवाच्या तोंडावर हात ठेवून त्याले त्या घरासमोरून नेलो. भीतीनं."

मी खाली बसायला गेली, तर ती म्हणाली, "बसू नको."

मी उभी राहिली.

"मले एकटीले कायले सांगतं? मी ज्यायले ज्यायले पेटीचं सांगतलो, त्या साऱ्यायले सांग. घरोघरी जाय. अन् आपलं नाव घेऊन सांग."

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. मारेल. मारलं असतं तर सोपं झालं असतं. पेटी ऐकत नाही एवढंच सांगून मी मोकळी झाली असती, पण ते कोणी मानलं नसतं. पेटीनं सांगितलं नाही तर मग कोणी, असं पहिल्याच दारात विचारलं असतं. मोहल्ल्याची भीती काढायची तर माझं तोंड काळं करणं भाग होतं. दुसरी वाट नव्हती.

मी गेली. त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आत. प्रत्येक दारात तेच बोलली. "रेडिओले कान नाही. यशोदाबाईचं नाव मी सांगतलो." एकीनं दार लावलं. एकीनं थुंकलं, माझ्या पायाजवळ. एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं सांगतलीस," आणि तरी तिच्या सुनेनं मला पाणी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याला मिलमध्ये लोक बोलले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटच्या दारापर्यंत माझा घसा बसला होता, पण वाक्य तेच ठेवलं. आपलं नाव गाळलं नाही.

मावशीनं मला माफ केलं नाही. मरेपर्यंत केलं नाही. मी तिच्याच शेजारी बसून विड्या वळायला शिकली, पाच वर्षं बसली, पण तिनं माझ्या डब्यातला घास कधी घेतला नाही. तिचं बरोबर होतं. मी मागितलीही नाही माफी. जे केलं ते माझंच आहे, ते माझ्याजवळच राहू दे. शरम गेली असती तर मी पुन्हा कोणत्या तरी पेटीपुढं उभी राहिली असती.

म्हणून ती मी जपून ठेवली आहे. आता माझ्या नाती आहेत. त्यांना कोणी म्हटलं की अमुक सारं पाहते, अमुक सारं ऐकते, तुम्ही भिऊन राहा, तर मी त्यांना एकच सांगते. वस्तूकडं पाहू नका. उठा आणि पडदा ओढा. मागं जो बसला असेल त्याच्या डोळ्यांत पाहा. आणि आपलं तोंड सांभाळा, पोरींनो. ते पहिल्यांदा आपल्याच माणसाला विकते.